लेकराची बिघडलेली झोप: ओळखायची कशी, बसवायची कशी

13 ते 18 वर्षांच्या लेकरांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. पण वयात येताना शरीरातलं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा पाझरतं. 10 वाजता आडवं झालेलं पोरगं 12 पर्यंत कूस बदलत असेल, तर तो आळस नाही की हट्टही नाही. लातूर-नांदेडला नीटच्या तयारीसाठी राहणाऱ्यांची पहाटेची शिकवणी आणि रात्रीची अभ्यासिका यात हीच झोप दोन्हीकडून कापली जाते.

आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: अंथरुणावर कधी गेलं, झोप अंदाजे कधी लागली, जाग कधी आली, दुपारी किती झोपलं, शेवटचा चहा कधी घेतला. सुट्टीचे दिवस वेगळ्या शाईने लिहा. सुट्टीत 2 ला झोपून 10 ला उठलेलं लेकरू ताजंतवानं असेल, तर घड्याळ सरकलंय. वेळ आणि निवांतपणा असूनही झोप येत नसेल, आठवड्यात निदान 3 रात्री आणि 3 महिने असंच चाललं असेल, तर तो निद्रानाश, डॉक्टरांना दाखवा.

सरकलेलं घड्याळ उठायच्या वेळेनं मागे येतं, झोपायच्या वेळेनं नाही. घरोघरी नेमकी इथंच चूक होते: 12 ला झोपणाऱ्याला एकदम साडेनऊला अंथरुणात घालतात, मग त्याला अंथरुणात जागं राहायचीच सवय लागते. सध्या आपोआप जाग येते तिथून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी गजर 15 मिनिटं अलीकडे घ्या. उठल्याबरोबर 20-30 मिनिटं बाहेर उजेडात काढायची. घड्याळ मागे ओढतो तो हाच उजेड. रविवारी फार तर तासभर सूट. दोन रविवार दुपारपर्यंत लोळू दिलं की आठवडाभराची मेहनत वाया जाते.

चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं, म्हणून दुपारी 3 नंतर चहा नको. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा; गजराला साधं घड्याळ आणा, म्हणजे तो उशाशी ठेवायला निमित्तच उरणार नाही. 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसावं, पेंग आली की परत आडवं व्हावं.

झोप लागायला अंग थोडं थंड व्हावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची खोली मध्यरात्रीपर्यंत धगधगते. तिथं कितीही शिस्त लावली तरी उपयोग नाही. गच्चीवर मच्छरदाणी बांधून झोपवा. पहाटेचा उजेड उठवायलाही कामी येतो.

काही लक्षणं मात्र सवयीची नसतात. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं: टॉन्सिल वाढलेत का, हे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून तपासा. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही: लोह कमी असू शकतं, विशेषतः पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुलींमध्ये; डॉक्टरांना विचारून फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करा. 9 तास झोपूनही वर्गात डोळा लागतो, हसताना गुडघे लुळे पडतात: मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. मेडिकलवरून झोपेची गोळी किंवा मेलाटोनिन परस्पर आणून देऊ नका.

झोपेबरोबर भूक उडाली, बोलणं तुटलं किंवा ‘जगून काय करू’ असं तोंडून निघालं, तर नोंदवही बाजूला ठेवा. लेकराला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.