साठीनंतर दाताच्या डॉक्टरांकडे जाताना

माझ्या आईने जवळजवळ दोन वर्षे चिवडा चहात भिजवून खाल्ला. दात दुखतोय असे एकदाही म्हणाली नाही. वयोमानाने असे होतेच, हे तिचे म्हणणे. शिवाय वरची दाढ काढली की नजर जाते, ही तिची धास्ती. खरे तर दाढ काढण्याचा नजरेशी काही संबंध नाही. उतारवयात दात आणि नजर एकाच सुमारास कमी होत जातात, एवढेच.

म्हणून सुरुवात ताटापासून करा. ज्येष्ठ माणूस तक्रार करत नाही, पदार्थ सोडतो. भाकरीचा पापुद्राच खाणे, शेंगदाण्याचे कूट मागणे, एकाच बाजूने चावणे, यातले काही दिसले तर अपॉइंटमेंट घ्या.

फोनवरच दोन गोष्टी विचारा: दवाखाना कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का. आमची पहिली फेरी नुसत्या जिन्याने वाया गेली. वेळ शक्यतो सकाळची मागा. मधुमेह असेल तर नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन जायचे. उपाशी नेऊ नका, साखर उतरते. खर्चाची चिंता असेल तर आमच्या नाशिकला पंचवटीत आग्रा रोडला केबीएच डेंटल कॉलेजचे रुग्णालय आहे. डेंटल कॉलेजात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. अर्धा दिवस हाताशी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे: औषधांची पिशवी. चिठ्ठी नको, घरातली प्रत्येक स्ट्रिप घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाताचे काम आहे म्हणून परस्पर बंद करू नका. दाढेचे रक्त दाबून, टाका घालून थांबवता येते. गोळी बंद केल्यामुळे झालेली गुठळी जिवावर बेतू शकते. काय करायचे ते दाताचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात. बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. हृदयाची झडप बदललेली असेल तर काही उपचारांआधी अँटिबायोटिक द्यावे लागते. मधुमेहींनी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट न्यावा, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही.

आमची चूक इथेच झाली. आईला हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देत होते. त्याची स्ट्रिप घरात नसते, म्हणून ते पिशवीत नव्हते आणि आमच्या लक्षातही नव्हते. डॉक्टरांनी खोदून विचारले म्हणून आठवले. त्या औषधानंतर, किंवा त्याच कामासाठी असलेल्या आठवड्याच्या गोळीनंतर, दात काढला तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. तेव्हा इंजेक्शने आणि सलाइन आवर्जून सांगा.

खुर्चीत फार आडवे करू नका असे सांगायला संकोच नको. हात वर केला की थांबायचे, हेही आधीच ठरवून घ्या. उठताना एक मिनिट बसून मग उभे राहायचे, नाहीतर चक्कर येते. कोणते काम आत्ताच हवे, कोणते थांबू शकते आणि खर्च किती, हे लिहून मागा. किटण काढल्याने दात हलायला लागतात हा समज खोटा आहे. हिरडी आधीच सुटलेली असते, किटण निघाल्यावर ते कळते.

दात काढला तर कापूस साधारण अर्धा तास दाबून धरायचा आणि चोवीस तास चूळ जोरात भरायची नाही.

घरी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, दोनदा, त्यातही रात्री नक्की. मशेरी बंद. बोटांत जोर नसेल तर ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हँडलचे रबरी ग्रिप चढवा. आईचे त्याने फार सोपे झाले.

कवळी असेल तर झोपताना काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्याने ती वाकडी होते आणि पेस्टने तिच्यावर चरे पडतात, म्हणून साधा साबण वापरायचा. धुताना खाली पाण्याचे भांडे ठेवा, हातातून निसटली तरी फुटत नाही. कुठे टोचली तर कानस लावायला बसू नका, डॉक्टरांकडून घासून घ्या. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर मात्र एक दिवसही थांबू नका, मग कवळी असो वा नसो.

पुढची तारीख निघतानाच घ्या. आमच्याकडे ती कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात लिहितो. तेवढा चौकोन आई न चुकता बघते.