नव्या सरपंचांसाठी: दहाची वेळ, ओटीची बाटली आणि रोकड वही

गुलाल उडाला की नव्या सरपंचाला काहीतरी मोठं करावंसं वाटतं. कमान, सभामंडप, सिमेंटचा रस्ता. जरूर करा. पण ती कामं निधी आला तर होतात आणि निधी आपल्या हातात नसतो. आपल्या हातात असतं ते रोजचं बारीकसारीक. मी 2015 ते 2020 औसा तालुक्यातल्या एका लहान गावाची सरपंच होते. सोयाबीन-तुरीचं गाव, पाण्याची बोंब कायमची. आता नव्यानं निवडून आलेल्या बाया विचारायला येतात, तेव्हा जे सांगते तेच इथं लिहिते.

आधी एक वेळ ठरवा आणि ती फळ्यावर लिहा. माझी सकाळी दहा ते अकरा होती. पहाटे चारला उठून यशस्वी होण्याच्या गोष्टी मला सांगू नका. गावातली बाई तशीही पाचला चुलीपुढं असते, तिचं कुणी व्याख्यान ठेवत नाही. सरपंच किती वाजता उठते याचं गावाला काय करायचंय? ती किती वाजता सापडते, तेवढं त्यांना कळलं पाहिजे. कारण ज्याला दाखल्यावर सही हवी असते त्याला त्या दिवसाचा रोजगार बुडवून यावं लागतं. तुम्ही सापडला नाहीत तर त्याचा दुसराही दिवस बुडतो.

बायकांसाठी याला आणखी एक अर्थ आहे. निम्मी पदं आपल्याला राखीव आहेत, पण खुर्चीत कोण बसतं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. सुरुवातीला लोक दारातून डोकवायचे, "मालक कुठं हाईत?" विचारायचे आणि माघारी फिरायचे. मी काही बोलले नाही. नवऱ्यालाही त्या तासाला कार्यालयाकडं फिरकायचं नाही असं घरी ठरवून टाकलं होतं. सही दहाला खुर्चीवर मिळते आणि दुसरीकडं कुठंच मिळत नाही, हे कळायला गावाला फार दिवस लागत नाहीत. पुढं निराधार योजनेचे कागद घेऊन येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "ताई, तुमी दहाला असताव म्हणून मी पयली एस्टी सोडली." आजींनी माझ्या वेळेवर स्वतःची एस्टी सोडली, तेव्हा मला पहिल्यांदा सरपंच झाल्यासारखं वाटलं.

आता पाणी, कारण सरपंचाची खरी परीक्षा तिथंच होते. आमच्याकडं पाणी रोज सुटत नाही. पण ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) पडलीच पाहिजे. साधा हिशेब हजार लिटरला पाच ग्रॅमचा, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. मग निदान अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. पिशवीचं तोंड उघडं राहिलं की पावडरीचा जोर उतरतो. कित्येक ठिकाणी पावडर टाकतात इमानदारीनं, पण तिच्यात दमच उरलेला नसतो. म्हणून ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात ओटीच्या (ऑर्थोटोलिडिनच्या) बाटलीतले थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर नाही. हे काम जलसुरक्षकाचं, म्हणजे गावाचं पाणी बघणाऱ्या पंचायतीच्या माणसाचं आहे, तुम्ही रोज करायची गरज नाही. पण टाकीखालच्या नळावर टेस्ट करून वहीत टिकमार्क करायची सगळ्यांनाच सवय असते. क्लोरीन पार टोकापर्यंत पोचलं का ते तिथं कळत नाही. म्हणून तुम्ही विचारायचं एवढंच: "आज शेवटच्या घरी पिवळं झालं का?" पाणी सुटेल त्या दिवशी विचारायचंच, त्याच शब्दांत. काही दिवसांनी तो माणूस तुम्ही विचारायच्या आधीच सांगायला लागतो.

2016 चा उन्हाळा आठवतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. ती देशभर टीव्हीवर दिसली. आम्हा खेड्यांच्या वाट्याला टँकर होते. टँकर आला की लॉगबुकावर सही करायची आणि आपल्या वहीत वेळ नि गल्ली लिहायची, खेप उतरली त्याच घटकेला. महिन्याचं लॉगबुक घेऊन एकदम सह्या मागणारे येतील, त्यांना चहा पाजा, सही देऊ नका. "सरपंचाच्याच गल्लीत पाणी उतरतंय" अशी बोंब आमच्याकडंही झाली. मी वही चावडीसमोर उघडी ठेवली. वाचणाऱ्यांनी वाचली आणि भांडण पुढच्या विषयाकडं सरकलं.

रोकड वहीचं सांगते. पैठणच्या नाथांची गोष्ट आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो: देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं हिशेब लिहिताना एका पैची चूक राहिली, ती शोधत नाथ रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनकार ती एकाग्रतेसाठी सांगतात. मला ती सरळ हिशेबाचीच वाटते. पै त्याच रात्री शोधली म्हणून सापडली. वर्षाच्या शेवटी बसले असते तर नाथांनाही सापडली नसती! पंचायतीच्या हिशेबाचे नमुने ठरलेले असतात: नमुना 5 म्हणजे रोकड वही, नमुना 10 म्हणजे करपावती, नमुना 7 म्हणजे इतर जमेची पावती. काल फाडलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती (पुस्तकात राहिलेल्या प्रती) आणि रोकड वहीतली जमा जुळते का, बँकेत भरणा झाला का, एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात. ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हा अविश्वास वाटू शकतो. पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी रोज बघणार आहे. संशय आल्यावर अचानक वही मागणं अपमानाचं असतं. रोजच बघणाऱ्याचं कुणी मनावर घेत नाही.

सभांबद्दल थोडक्यात. मासिक सभेची तारीख ठरलेली ठेवा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी काढा आणि सभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यात जे कमी असेल तेवढे तरी जमले पाहिजेत, हे ध्यानात ठेवा. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी असते. ती कागदावर उरकू नका, पाण्याची खरी तक्रार तिथंच कळते.

आणि वेळ झेपेल एवढीच ठरवा. दिवसभर बसेन असं जाहीर करून आठवड्यात थकलेले सरपंच मी पाहिलेत. लग्न, मयत, तालुक्याची बैठक हे येणारच. त्या दिवशी उपसरपंचांना बसवा आणि आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहा. सोयाबीनच्या सुगीत मी वेळच संध्याकाळी सातला नेत असे, कारण दहाला गावात कुत्रंसुद्धा नसतं. मळणी आटोपली की परत दहा.