केना या रोपाच्या पानावर ॲब्सिसिक आम्लाची चाचणी

पाणी कमी पडले की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची बारीक भोके, मिटतात. पेशींतला हा निरोप डोळ्यांनी पाहायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बांधावरचा केना. त्याच्या पानाचा पापुद्रा अलगद सुटतो आणि रंध्रेही मोठी असतात.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या. सकाळी पूर्ण वाढलेले, पण कोवळेपण न गेलेले पान घ्या. खालच्या बाजूला शिरेजवळ हलकी चीर द्या आणि टोकदार चिमट्याने पापुद्रा तिरका, एका दमात ओढा. त्याला हिरवा गर चिकटून आला तर तो तुकडा फेकून द्या. ओढताना शेजारच्या पेशी फाटल्या की रंध्रांवरचा दाब जातो, ती आ वासून राहतात आणि आम्ल टाकूनही नीट मिटत नाहीत. शंका वाटली तर न्यूट्रल रेड या रंगाचा पातळ थेंब टाका. जिवंत पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत, लाली दिसते.

द्रावण १०० मिलीचे: एमईएस (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) ०.१९५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७३ ग्रॅम. पीएच ६.१५ करायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडच वापरा. सोडियम नको, त्याने रंध्रांचा आम्लाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो.

पापुद्रे या द्रावणात तरंगत ठेवून २५ अंशांवर, उजेडात अडीच तास ठेवा. रंध्रे नीट उघडली नसतील तर पुढे जाऊच नका. मिटलेली रंध्रे मिटवून काय सिद्ध होणार? बशीवर वाकून बोलत बसू नका. श्वासातला कार्बन डायऑक्साइडही रंध्रे मिटवतो.

आम्लाचा साठा: २.६४ मिलिग्रॅम १ मिली इथेनॉलमध्ये, म्हणजे १० मिलिमोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचे एकक). फॉइल गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा, उजेडात ते बिघडते. बाटलीवर '±' असेल तर त्यात नैसर्गिक रूप निम्मेच असते, नोंदवहीत तसे लिहा. १० मिली द्रावणाला १० मायक्रोलिटर साठा टाकला की १० मायक्रोमोलर होते. दुसऱ्या बशीत तेवढेच नुसते इथेनॉल. हा तुलनेचा नमुना विसरला तर सगळी मेहनत पाण्यात.

दोन तासांनी रंध्रांच्या भोकाची रुंदी मोजा. ४०० पट मोठे करून, सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरशी (खुणा कोरलेल्या काचपट्टीशी) ताडून, बशीतले तीन पापुद्रे आणि प्रत्येकातली ३० रंध्रे घ्या. कडेची सोडा. बशांवर सांकेतिक आकडे दुसऱ्याला घालायला सांगा. अपेक्षा ठाऊक असली की डोळा तिकडे झुकतोच.

आत काय घडते? २००९ साली सापडलेले पीवायआर-पीवायएल ग्राहक (आम्ल ओळखणारी प्रथिने) आम्ल धरतात आणि पीपी२सी या फॉस्फटेजला, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या विकराला, अडवतात. त्यामुळे ओएसटी१ हे कायनेज, म्हणजे फॉस्फेट जोडणारे विकर, मोकळे होते आणि पेशीच्या पडद्यातली एसएलएसी१ वाहिनी उघडते. ऋण आयन बाहेर पडतात, मागोमाग पोटॅशियम आणि पाणी, आणि रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी सैलावून भोक बुजते.

या मिटण्यात कॅल्शियमचा हात तपासायचा असेल तर आम्लासोबत २ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन) असलेली तिसरी बशी आणि नुसत्या ईजीटीएची चौथी मांडा. ईजीटीए टाकल्यावर पीएच पुन्हा बघा.