हा चेक कशात टाकायचा?

पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर दोन गोष्टी आल्या: बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि रबरबँड लावलेली चेकबुकांची अर्धुकं, म्हणजे चेक फाडल्यावर पुस्तकात राहणारे तुकडे. बी.कॉम. झालं होतं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता, एफ ५ दाबलं की पेमेंट व्हाउचर उघडतं हे पाठ होतं. शिरोली एमआयडीसीतलं छोटं मशीन शॉप. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, आमच्याकडे टर्निंग-ड्रिलिंग होऊन पुढे जायचं. मालकांना सगळे दादा म्हणायचे. "एवढे चेक चढवून टाक," म्हणाले आणि शॉपवर निघून गेले.

स्टेटमेंटमधली ओळ अशी: तारीख, 'क्लिअरिंग', सहा आकडी चेक नंबर, २५,०००. नाव नाही. त्या नंबरचं अर्धुक शोधलं. त्यावर दादांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाटील २५'.

कोल्हापुरात नुसतं 'पाटील' म्हटल्यावर काय कळणार? आमच्याच वहीत तीन पाटील होते. एक पॅटर्नवाले (कास्टिंगसाठी लागणारे नमुने बनवणारे), एक टेम्पोवाले आणि एक शॉपमधले ऑपरेटर. पॅटर्नवाल्यांचा चेक असेल तर ती मागच्या बिलाची फेड. टेम्पोवाल्यांचा असेल तर वाहतूक. ऑपरेटरचा असेल तर उचल. मला विचारायला संकोच वाटला, पहिल्याच दिवशी काय प्रश्न विचारायचे, म्हणून मी तो वाहतूक खर्चात टाकला. निघाला उचलीचा. मुलीच्या ॲडमिशनसाठी दादांनी दिला होता आणि महिन्याला अडीच हजार पगारातून कापायचं ठरलं होतं. पण पुस्तकात त्यांच्या नावावर बाकीच नव्हती, त्यामुळे कापायचं कुणाला आठवलं नाही. चार महिने पूर्ण पगार निघाला आणि पाचव्या महिन्यात चारही हप्ते एकदम कापायची वेळ आली. त्या माणसानं काही बोलून दाखवलं नाही, पण पगार हातात घेताना त्यांचा चेहरा मी पाहिला. आपण कीबोर्डवर जे दाबतो ते कुणाच्या तरी घरी जाऊन पोचतं, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून नव्यानं या कामात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की चेक कुणाला गेला हे बँकेकडून, अर्धुकावरून, कसंही कळेल. कशासाठी गेला हे मात्र ज्यानं सही केली त्याच्याकडूनच कळतं. विचारायला लाजू नका. मी आता रोज संध्याकाळी पाच मिनिटं दादांसमोर अर्धुकं घेऊन बसते. त्याच दिवशी विचारलं तर त्यांना आठवतं, पंधरा दिवसांनी नाही आठवत.

आता सगळ्यात महाग पडलेली चूक सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो.

टूल्सच्या दुकानातून इन्सर्ट आणि ड्रिल आले. माल ७२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६०, बिल ८४,९६० चं. बिल आलं त्या दिवशी मी खरेदीची एंट्री बरोबर केली: टूल्स खर्चाला ७२,००० नावे (डेबिट), जीएसटी क्रेडिटला, म्हणजे आपल्या जीएसटीतून वळता होणाऱ्या कराला, १२,९६० नावे आणि दुकानदाराच्या खात्याला ८४,९६० जमा (क्रेडिट). महिन्याभरानं चेक गेला. अर्धुकावर स्पष्ट लिहिलं होतं, 'टूल्स, ८४,९६०'. मी पेमेंट व्हाउचर उघडलं आणि टूल्स खर्च नावे टाकून मोकळी झाले. टूल्सचाच चेक ना?

झालं असं की खर्च दोनदा बसला. एकदा बिलाच्या वेळी, एकदा चेकच्या वेळी. दुसऱ्या वेळी तर जीएसटीसकट. आणि दुकानदाराचे ८४,९६० आमच्या पुस्तकात देणं म्हणून तसेच उभे राहिले. मी असे अठरा चेक टाकले होते. नफा अर्ध्यावर आलेला बघून दादा हादरले. ऑर्डरी तर भरपूर होत्या, मग पैसा जातो कुठं?

आमच्याकडे एक निवृत्त हिशेबनीस काका आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांनी नफा-तोटा बघितलाच नाही. थेट आपण ज्यांचं देणं लागतो त्यांची यादी उघडली, दुकानदाराला फोन लावला आणि विचारलं, "आमच्याकडून तुमचं किती येणं आहे?" तिकडून उत्तर आलं, "काही नाही, सगळं क्लिअर आहे." काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बघ पोरी, तो म्हणतो शून्य आणि तुझं पुस्तक म्हणतं पंच्याऐंशी हजार. चूक इथं आहे, खर्चात शोधत बसू नकोस."

बिल आधीच पुस्तकात असेल तर चेक कधीच खर्चात जात नाही, त्या पार्टीच्या खात्यात जातो. खर्च बिलाच्या दिवशी झाला, चेकनं फक्त देणं फिटलं. बिल नसलेला किरकोळ खर्च असेल तरच चेकला थेट खर्चाचं खातं. एंट्री करण्याआधी पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, उघडून बघायची सवय लावा. तिथं तेवढीच रक्कम जमा बाजूला दिसली की उत्तर मिळालं.

याच ठिकाणी टॅली आणखी एक गोष्ट विचारतं: ही रक्कम कोणत्या बिलापोटी? घाईत 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याच बिलाशी न जोडता, दाबून पुढे जावंसं वाटतं. जाऊ नका. 'अगेन्स्ट रेफरन्स' घेऊन बिल निवडा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. शिवाय पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ती मुदत उलटून मार्चअखेर बिल थकलेलं राहिलं तर तो खर्च आयकरासाठी त्या वर्षी धरला जात नाही, पैसे देऊ त्या वर्षी धरतात. हा नियम २०२३-२४ पासून लागू झाला. सीए विचारतात, "हे बिल कोणत्या चेकनं फिटलं?" सगळे चेक ऑन अकाउंट टाकलेले असतील तर वर्षभराची बिलं आणि चेक पुन्हा जुळवत बसावं लागतं. मी बसले आहे, रात्री साडेनऊपर्यंत.

एकाच नावाचे वेगवेगळे चेक ही दुसरी अवघड जागा. दादांच्या चुलतभावाची शेड आम्ही भाड्यानं घेतली होती, महिन्याला १५,०००. त्याच चुलतभावानं अडचणीच्या वेळी ५०,००० हातउसने दिले होते. मी त्यांच्या नावाचा प्रत्येक चेक डोळे मिटून भाड्यात टाकत गेले. वर्षाचं भाडं १,८०,००० यायला हवं होतं, आलं २,३०,०००. हातउसने परत केलेला चेकही भाड्यात बसला होता. उसने घेतलेले पैसे परत करणं हा खर्च नव्हे, ते कर्ज खात्यात नावे पडतं. वर काही व्याज दिलं असेल तर तेवढंच खर्चात. महावितरणच्या चेकचंही तसंच. दर महिन्याचं लाइट बिल खर्चात, पण वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, ते भरलं की ती आपली ठेव असते, मालमत्तेत दिसायला हवी. नाव एकच असलं तरी खाती दोन.

मजूर ठेकेदाराचा चेक बिलाशी जुळत नाही, तेव्हा घाबरू नका. बिल ६०,००० चं, चेक ५९,४०० चा. मधले ६०० म्हणजे एक टक्का टीडीएस, पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर. आमची उलाढाल कोटीच्या वर असल्यामुळे तो कापायचा असतो आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. एंट्री करताना मजुरी पूर्ण ६०,००० धरायची, ६०० टीडीएस देणं म्हणून वेगळे आणि बाकीचे ठेकेदाराला. मी सुरुवातीला फक्त चेकची रक्कम मजुरीत टाकायचे आणि सरकारला भरलेले ६०० 'कर' नावाच्या खर्चात. बेरीज बरोबर यायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ठेकेदारानं टीडीएस सर्टिफिकेट मागितल्यावर मात्र एकेक बिल काढून बसावं लागलं.

'सेल्फ'चा चेक दिसला की हात आवरा. आठवड्याच्या मजुरीला दादा ४०,००० काढायचे. अर्धुकावर 'मजुरी' लिहिलेलं असायचं आणि मी ते मजुरीत टाकायचे. मग मजुरीच्या रजिस्टरवरून रोखीची मजुरीही चढवायचे. रोकड खातं उणे गेलं. पेटीत उणे पैसे असूच शकत नाहीत, त्यामुळे रोकड उणे दिसली की चूक आपलीच हे पक्कं समजा. सेल्फचा चेक म्हणजे आपलेच पैसे बँकेतून पेटीत आले, त्याला एफ ४, काँट्रा. पेटीतून ज्याला दिले तेव्हा मजुरी.

नव्या माणसाला सगळ्यात जड जातं ते मालकाच्या घरच्या चेकचं. मुलांच्या शाळेची फी, वहिनींच्या नावाचा विम्याचा हप्ता. आमची एकट्या मालकीची फर्म, म्हणून चेकबुक तेच. हे धंद्याच्या खर्चात बसत नाही, ड्रॉइंग्जमध्ये जातं, म्हणजे दादांच्या भांडवलातून वजा होतं. दादांना वाईट वाटेल म्हणून मी पहिले काही 'स्टाफ वेल्फेअर'मध्ये लपवले होते. ते चुकीचं होतं, आणि मी स्वतः जाऊन सांगितलं. दादा एवढंच म्हणाले, "मग आधीच विचारायचं ना." मालकाला खरं सांगणारा हिशेबनीस हवा असतो, यावर माझा तेव्हापासून विश्वास आहे.

मशीनचे चेक बघताना थोडं थांबा. जुना लेथ घेतला १,८५,००० ला. तो आणायला क्रेन आणि हमाली लागली, तीही लेथच्या किमतीतच मिळवायची आणि सगळं प्लँट अँड मशिनरीत टाकायचं. त्यावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, घेतलं त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्या वर्षी निम्मा. दुसऱ्या मशीनच्या स्पिंडलचं बेअरिंग बदललं, २२,००० चा चेक, ती दुरुस्ती, थेट खर्च. वस्तू पुढची काही वर्षं नव्यानं काम देणार आहे, की आहे तीच चालू ठेवली, एवढं शॉपवर जाऊन फोरमनला विचारलं तरी कळतं. तो आपल्यापेक्षा चांगलं सांगतो.

काहीच कळत नसेल तेव्हा सस्पेन्स खात्यात ठेवायला हरकत नाही. पण नरेशनमध्ये, म्हणजे एंट्रीखालच्या टिपणीत, चेक नंबर आणि 'दादांना विचारणे' असं लिहा आणि महिनाअखेर ते खातं शून्य करा. अंदाजानं खर्चात टाकलेला चेक पुढे कुणी शोधत नाही. सस्पेन्समधला निदान डोळ्यांसमोर राहतो.

अर्धुकांचा प्रश्न मी एका रबरी शिक्क्यानं सोडवला. नवीन चेकबुक आलं की पंचवीसही अर्धुकांवर शिक्का मारून ठेवते: 'कोणाला', 'कशासाठी', 'बिल नं.' आणि पुढे रेघा. रिकाम्या रेघा दिसल्या की दादा आपोआप भरतात. खराब झालेला चेक फाडून टाकू देत नाही. त्यावर 'रद्द' लिहून तो अर्धुकालाच पिन करते, म्हणजे नंबर सलग लागतात आणि मधला चेक कुठे गेला हा प्रश्न उरत नाही.

मार्चच्या शेवटी चेकची तारीख आणि बँकेची तारीख वेगळी पडते. २८ मार्चला दिलेला चेक ४ एप्रिलला वटला तरी एंट्री २८ मार्चचीच, बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आपलं पुस्तक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवताना, बँकेची तारीख ४ एप्रिल लावायची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक जमा केल्या दिवशीच वटू लागल्यानं हा फरक कमी झालाय, पण समोरच्यानं भरायलाच उशीर केला तर फरक राहतोच. लिहून सही करून ड्रॉवरमध्ये ठेवलेला चेक मात्र दिलेला धरू नका. तो अजून आपल्याकडेच आहे, देणं तसंच आहे. पुढच्या तारखेचे चेकही त्या तारखेलाच चढवा.

आणि वटलाच नाही असा चेक. १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. पॅटर्नवाल्या पाटलांचा १८,००० चा चेक रिकन्सिलिएशनमध्ये चार महिने पडून दिसत होता. मी तो उलटवून 'इतर उत्पन्न' करायला निघाले होते, काकांनी थांबवलं. आपण पाटलांचं देणं लागतो, चेक शिळा झाला म्हणून देणं संपत नाही. रक्कम पुन्हा त्यांच्याच खात्यात जमा केली आणि त्यांना फोन केला. चेक त्यांच्या डायरीच्या कव्हरमध्ये राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी ते तो घेऊन आले, आम्ही 'रद्द' लिहून अर्धुकाला पिन केला आणि नवीन चेक लिहिला: पाटील पॅटर्नवाले, बिल नं. ११८.