गुड फ्रायडेच्या नाटकात यहूद्यांना राक्षस करू नका

सांगली म्हणजे नाटकवाल्यांचं गाव. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि त्या काळच्या नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ करत यायचे. ती हौस आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या अंगात अजून आहे. येशूच्या दुःखसहनाचं नाटक ठरलं की पहिली चर्चा कयफाच्या, म्हणजे यहूद्यांच्या प्रमुख याजकाच्या, दाढीची. काजळ, वाकडं नाक, काळा झगा. येशू आणि शिष्य मात्र पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. कुणी तोंड उघडायच्या आधीच पोरांना कळतं, चांगले कोण आणि यहूदी (ज्यू) कोण.

नोकरीत होते तेव्हा शाळेत मुलांची नाटकं बसवायची, आता मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसवते. माझी पद्धत सांगते. पटेल तेवढी घ्या.

कपडे सगळ्यांना एकाच जातीचे द्या. येशू यहूदी, मरिया यहूदी, पेत्र यहूदी, कयफा यहूदी, येशूला स्वतःच्या कबरेत ठेवणारा अरिमथाईकर योसेफही यहूदी. वेगळे दिसायला हवेत ते रोमी सुभेदार पिलात, त्याची बायको आणि रोमी शिपाई. ‘येशू यहूदी होता’ हे मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण १९३९ साली जर्मनीत आयसेनाख इथं चर्चच्या लोकांनी एक संस्था काढली आणि येशू यहूदी नव्हताच हे शिकवण्यासाठी बायबलातल्या नव्या कराराची छाटलेली आवृत्तीही छापली. शिकले-सवरलेले धर्मशास्त्री होते ते.

मग पिलाताकडे या. ही भूमिका नेहमी देखण्या, मवाळ मुलाला मिळते. घंगाळात हात धुतो, चेहरा पाडतो, बायका हळहळतात. ते थांबवा. क्रुसावर देणं ही रोमी शिक्षा, हुकूम पिलाताचा, खिळे शिपायांचे. नाटकाच्या सुरुवातीलाच लूक १३:१ वाचायला लावा: पिलातानं गालीलकरांचं रक्त त्यांच्या यज्ञांत मिसळलं. एकाच ओवीत माणूस कळतो. मतांगीकारातही (विश्वासाच्या कबुलीतही) आपण पंतय पिलाताचं नाव घेतो, यहूद्यांचं नाही. तरी शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, तो इतका कचरणारा का दिसतो? इ.स. ७० मध्ये रोमनांनी बंड चिरडून यरुशलेमचं मंदिर जाळलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते शुभवर्तमानं त्याच सुमारास किंवा त्यानंतर लिहिली गेली, रोमी अमलाखाली राहणाऱ्या आणि सभास्थानाशी (यहूद्यांच्या प्रार्थनागृहाशी) ताजं भांडण झालेल्या लोकांसाठी. मोठ्या मुलांना हे समजतं, त्यांना सांगा.

आता खरी अवघड ओवी: मत्तय २७:२५. याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो, असं जमाव म्हणतो. ती गाळू नका. गाळली तरी पोरगं घरी पवित्र शास्त्र उघडून वाचणारच, आणि तेव्हा शेजारी समजवायला कुणी नसेल. आम्ही ही ओळ रंगमंचावरून म्हणवतच नाही. मंडळीतले लोक खुर्च्यांवर बसल्या जागेवरून म्हणतात. त्यात महिला मंडळाच्या काकूही असतात आणि खजिनदारही. लगेच निवेदकानं लूक २३ मधल्या दोन ओव्या वाचायच्या: सत्ताविसावी, जिथं लोकांचा मोठा समुदाय आणि रडणाऱ्या बाया मागून चालतात, आणि अठ्ठेचाळिसावी, जिथं लोक छाती बडवत परततात. तेही यहूदीच. शिवाय त्या सकाळी आलेक्सांद्रियापासून रोमपर्यंत असंख्य यहूदी आपापल्या कामात होते, त्यांना पत्ताही नव्हता.

या एका ओवीचं पुढं काय झालं तेही तालमीत सांगते. दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो प्रवचनात इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवतो. ३८६-८७ मध्ये अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम हा धर्मोपदेशक यहूद्यांवर तुटून पडतो. कारण काय, तर त्याच्याच मंडळीतले लोक सणाला सभास्थानात जात होते! १०९६ मध्ये पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये यहूद्यांची कत्तल केली, ख्रिस्ताच्या रक्ताचा सूड म्हणून. हे कॅथलिकांचं, आपलं नाही, असं आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच. मग आपल्या प्रोटेस्टंट पंथाचा आद्य पुढारी ल्यूथर काढायचा. १५४३ साली त्यानं सभास्थानं जाळा, घरं पाडा असं लिहिलं, आणि नाझींनी ते पुढं आनंदानं वापरलं. नाटकवाल्यांसाठी आणखी एक: बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावात १६३४ पासून हेच दुःखसहनाचं नाटक होतं. १९३४ मध्ये हिटलर ते बघायला गेला होता. कॅथलिक चर्चनं १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट सांगितलं, की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहूद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरन चर्चनं ल्यूथरचं ते लिखाण नाकारलं ते १९९४ मध्ये.

सगळा दोष वाचणाऱ्यांचाच, असं म्हणून सुटता येत नाही. योहान ८:४४ मधले शब्द कडकच आहेत. तुम्ही सैतानाची लेकरं, असं तिथं यहूद्यांना म्हटलंय. यशया संदेष्टा पहिल्याच अध्यायात आपल्या अधिकाऱ्यांना सदोमचे अधिकारी म्हणतो, पण तो त्यांच्यातलाच. तेच शब्द बाहेरच्याच्या तोंडी आले की शिवी होते. योहानाचं वाचन देताना आधी ९:२२ दाखवा. आंधळ्या मुलाचे आईबाप यहूद्यांना भितात, आणि स्वतः यहूदीच असतात! म्हणजे बोट सगळ्या यहूद्यांकडे नाही, अधिकाऱ्यांकडे आहे, हे पोरांना आपोआप कळतं. वचन वाचताना शब्द आहे तसा वाचायचा. नाटकाचे संवाद आपण लिहितो, तिथं ‘मुख्य याजक’ किंवा ‘अधिकारी’ लिहायचं.

नंतर रोमकरांस पत्र, अकरावा अध्याय. जंगली जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केली, हा प्रेषित पौलाचा दाखला. तासगावकडचा, घरची द्राक्षबाग असलेला एक मुलगा ऐकून म्हणाला, “बाई, हे उलटं झालं की. खाली डॉगरीजचा रानटी खुंट असतोय, वर सोनाका भरतेत. रानटी काडी चांगल्या खुंटावर कोण भरंल?” पौललाही ते ठाऊक होतं, चोविसाव्या ओवीत तो स्वतःच हे निसर्गाविरुद्ध आहे म्हणतो. रानटी काडी म्हणजे आपण, सांगलीचे. अठराव्या ओवीत तो बजावतो, की फुशारकी मारू नकोस, तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस. दुसऱ्या कुठल्या दाखल्यानं तो मुलगा इतका गप्प झालेला मी पाहिला नाही.

आपल्याकडच्या मुलांनी यहूदी माणूस पाहिलेलाच नसतो, ही आणखी एक अडचण. नाटकातला काजळवाला तेवढा ठाऊक. म्हणून कोकणातल्या बेने इस्राएलींबद्दल सांगा: तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणायचे. घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर. बरेच जण पुढं इस्राएलला गेले, काही अजून इथंच आहेत. पुण्याला सहल गेली तर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे यहूद्यांचं सभास्थान, बाहेरून तरी दाखवा. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते.

तालमीत कुणीतरी मोबाईल काढून इस्राएल-गाझाचा विषय आणणारच. त्याला म्हणावं, बोलू, पण वेगळ्या दिवशी, बातम्या समोर ठेवून. मत्तय २७ त्यात कुणाच्याच बाजूनं वापरायचा नाही. आणि जमावाची ओळ ज्यांनी म्हणायची त्या मोठ्या माणसांना एका तरी तालमीला बोलवा, नाहीतर ऐन वेळी निम्मे हसतात.