ग्वाल्हेरच्या लूमध्ये माशांची टाकी गार कशी ठेवायची

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं कूलर-पंख्यांच्या मोटारी वाइंडिंगचं दुकान आहे. होळी झाली की काम सुरू होतं ते पहिल्या पावसापर्यंत संपत नाही. दिवसभर लोकांच्या घरी गार हवा पोचवायची धावपळ, आणि संध्याकाळी घरी आलो की पहिली नजर बैठकीतल्या माशांच्या टाकीकडे जाते. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू-दगड वजा जाता 85 लिटरच्या आसपास पाणी. त्यात एंजल आहेत, गुप्पी आहेत, दोन गौरामी आणि तळाला चाचपडत फिरणारे चार कोरी. घर जुनं, पटियांच्या म्हणजे दगडी फरशांच्या छताचं. मे महिन्यातली दुपार ज्यांनी अशा घरात काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तो दगड दिवसभर ऊन पितो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत परत देत राहतो.

पहिल्या उन्हाळ्यात मी जे केलं ते कुणी करू नये, म्हणून आधी तेच सांगतो. नौतपाचे, म्हणजे मे-अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांचे दिवस होते. दुपारी तीनला मुलीचा दुकानात फोन आला, "बाबा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत. लवकर या." मी वाटेत दोन किलो बर्फ घेतला आणि फोडून सरळ टाकीत टाकला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून फ्रिजमधल्या गार पाण्याच्या चार बाटल्याही ओतल्या. अर्ध्या तासात थर्मामीटर 34 वरून 30 वर आला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. चौथ्या दिवशी एंजलच्या परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. अचानक गारठ्यानं माशाची ताकद खचते आणि हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तेवढीच संधी साधतो. तीन एंजल गेले. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही, आणि मी तेव्हापासून हा विषय मनावर घेतला.

मासे वर येऊन तोंड का उघडतात, हे आधी समजून घ्या. त्या वेळी त्यांना गारव्याआधी हवा हवी असते. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. स्वच्छ गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये 25 अंशांना जास्तीत जास्त 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 7.6 आणि 35 अंशांना 7 च्याही खाली. आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या शरीराचा व्यवहार वेगानं चालू असतो, त्याला जास्त हवा लागते. कल्ले भराभर हलताना दिसतात ते त्यामुळे. म्हणून मासे वर आलेले दिसले की पहिला हात एअर पंपाकडे गेला पाहिजे. जास्तीचा एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडा, फिल्टरचं तोंड वर करून पाण्याची धार पृष्ठभागावर पडू द्या. तेही नसेल तर आंघोळीचा मग्गा घ्या आणि टाकीतलंच पाणी वितभर उंचीवरून परत टाकीत सोडत राहा, पंधरा-वीस वेळा. बर्फाचा विचार नंतर.

थर्मामीटर मात्र पाण्यात बुडणारा, काचेचा घ्या. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी मिळते ती आमच्याकडे खोलीच्या तापमानाला भुलते. पहिला आठवडा सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला आकडा बघायचा आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचा. संध्याकाळी सात अशासाठी, की एवढं पाणी सावकाश तापतं. बाहेर ऊन उतरलेलं असतं तेव्हा टाकी सगळ्यात गरम असते. माझ्या टाकीचा हिशेब असा: 28 पर्यंत काळजी नाही, 30 ला मी सावध होतो, 32 ला कोरी अस्वस्थ होतात, 34 म्हणजे धोका. तुमच्याकडे गोल्डफिश असेल तर हे सगळे आकडे खाली आणा, त्याला 18 ते 24 मानवतं. खरं सांगायचं तर ग्वाल्हेरमध्ये घरात एसी नसेल तर गोल्डफिश पाळूच नये, दुकानदार काहीही सांगो.

आता गार करण्याचं मुख्य काम. माठातलं पाणी का गार होतं, कूलर का गार करतो, त्याचंच हे तिसरं रूप आहे. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ते आपल्याबरोबर 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणजे 100 लिटरच्या टाकीतून जवळपास पावणेसहा अंश. एक किलो बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका होईपर्यंत जेमतेम 110 किलोकॅलरी ओढतो, म्हणजे त्याच टाकीत अंशभराचा फरक. पाच किलो बर्फानं जे होईल ते एक लिटर पाणी उडालं तर होतं, आणि तेही दिवसभर हळूहळू, माशांना न दचकवता. ज्या कोरड्या लूला, उन्हाळ्यातल्या तापलेल्या वाऱ्याला, आपण घाबरतो तीच इथे कामाला येते. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जोरात उडतं, आणि मे महिन्यात आमच्या हवेइतकी कोरडी हवा मुंबईकरांच्या नशिबी नाही.

त्यासाठी टाकीचं झाकण काढायचं. बंद झाकणाखाली दमट हवा कोंडून राहते, तिथे कितीही पंखे लावा, काही होत नाही. पण मासे उड्या मारतात, म्हणून मी अॅल्युमिनियमच्या पट्टीची चौकट करून तिच्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली आहे. पंखे दोन, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतात ते, 12 व्होल्टचे, 120 मिलिमीटरचे. टाकीच्या आखूड बाजूला, पाण्यापासून चार बोटं वर, थोडे खाली झुकवून लावले आहेत, म्हणजे वारा पाण्याच्या अंगावरून तीन फूट सरळ धावतो आणि समोरच्या टोकाला बाहेर पडतो. पंखा सरळ खाली रोखला तर वारा एकाच जागी आदळतो आणि थेंब उडून मोटारीत जातात. बरोबर लागला की नाही हे बघायचं तर दिवा तिरपा धरून पाण्याकडे पाहा. पूर्ण लांबीभर, दुधावर साय धरताना पडतात तशा बारीक सुरकुत्या उठल्या पाहिजेत. पलीकडचा कोपरा काचेसारखा स्तब्ध दिसला तर पंख्याचा कोन बदला.

एवढं केल्यावर माझ्याकडे खोली 37 अंश असताना पाणी 29 च्या आसपास थांबतं. पंख्याशिवाय 33 ला जायचं. पंखे सकाळी दहालाच चालू करायचे. तापलेलं पाणी उतरवण्यापेक्षा ते तापू न देणं सोपं आहे. अंडी उबवायच्या मशीनला लावतात तसला टेम्परेचर कंट्रोलर मिळाला तर 28 वर लावून ठेवा, रात्री पाणी उतरलं की पंखे आपोआप बंद होतील.

विजेबद्दल मी जरा सक्तीनं सांगणार आहे, कारण कूलरच्या पत्र्याला शॉक लागलेली माणसं मी दुकानात पाहिली आहेत. पाण्यावर फक्त 12 व्होल्टचाच पंखा. घरातला टेबल फॅन वापरायचा असेल तर तो दोन हात लांब स्टुलावर ठेवा, टाकीच्या काठावर कधीही नको. प्रत्येक तार बोर्डात जाण्याआधी बोर्डाच्या खालपर्यंत झोल घेऊन मग वर चढली पाहिजे, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद. आणि कूलरचा पंप माशांच्या टाकीत सोडू नका. तो तापतो, आणि स्वस्तातल्या पंपाचं सील कधी सुटेल याचा भरवसा नाही.

खोलीत कूलर असेल तर फार चांगलं, माणसं आणि मासे दोघांचं भागतं. पण कूलर चालू करून सगळ्या खिडक्या बंद करण्याची आपल्याकडे फार लोकांना सवय आहे. मग तासाभरात खोली चिकट होते, कूलर आणि टाकीवरचे पंखे दोन्ही निकामी. कूलरच्या समोरची एक खिडकी वीतभर उघडी ठेवा. कूलरचा झोत थेट टाकीवर नको. आणि त्याच खोलीत डासांचा फवारा मारू नका. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यातच सोडत असतो, आणि त्या फवाऱ्यातलं औषध आपल्याला फारसं जाणवत नसलं तरी माशांना अतिशय घातक आहे. रात्री मच्छरदाणी लावा.

पाणी उडालं की भरावं लागणार. काचेवर मी मार्करनं एक रेघ ओढली आहे. मेमध्ये रोज सकाळी पाणी त्या रेघेच्या सेंटिमीटरभर खाली दिसतं, म्हणजे माझ्या टाकीत पावणेतीन-तीन लिटर. ही भर रोज घालायची, चार दिवसांनी एकदम बादलीभर नाही. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. रोज बोअरिंगचं जड पाणी घालत गेलात तर महिन्याभरात काचेच्या कडेला पांढरी पुटं चढतात आणि पाण्याचा क्षार वाढत जातो. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्यानं करा, आणि आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी काढून नळाचं घाला. आमच्या नळाला तिघऱ्याच्या धरणाचं पाणी येतं, त्यात क्लोरिन असतं, तेव्हा क्लोरिन मारायचं औषध आधी बादलीत मिसळून घ्यावं. आणखी एक: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. माशांची बादली रात्री भरून मोरीच्या गार कोपऱ्यात झाकून ठेवायची आणि सकाळी वापरायची. माझ्या आईनं हे काम स्वतःकडे घेतलं आहे, तुळशीला पाणी घातलं की टाकीला.

टाकी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली असेल तर मार्चमध्येच हलवा, भरलेली टाकी मेमध्ये हलत नाही. हलवणं शक्य नसेल तर भिंत आणि काच यांच्यात दोन इंच थर्मोकोल. दिवा पाच-सहा तास पुरे, तोही संध्याकाळनंतर. खाणं एकदाच आणि निम्मं. गरम पाण्यात उरलेलं खाणं लवकर सडतं, त्यातून अमोनिया होतो, आणि पाणी जितकं गरम तितका तो जास्त विषारी. उन्हाळ्यात नवीन मासे आणू नका.

वीज जाते तेव्हाची सोय वेगळी करून ठेवा. 12 व्होल्टच्या पंख्यांचा खरा फायदा इथे कळतो. यूपीएसमध्ये असते तसली 7 अँपिअर-तासांची लहान बॅटरी असली तर दोन पंखे रात्रभर चालतात. माझे दोन्ही मिळून 0.4 अँपिअर घेतात. सोबत एक बॅटरीवरचा एअर पंप. सगळ्यात वाईट वेळ पहाटे चारची, कारण टाकीत झाडं असतील तर तीसुद्धा रात्रभर प्राणवायूच घेतात. पहाटे वीज गेली तर उठा. बंद पेटीचा फिल्टर तीन-चार तासांहून जास्त थांबला असेल तर त्यातलं पाणी आधी मोरीत ओता, मग चालू करा. आत कोंडलेलं पाणी सडलेलं असतं.

बर्फाची वेळ आलीच, तर झाकण घट्ट लावलेली प्लॅस्टिकची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, बाहेरून धुऊन, पाण्यावर तरंगत सोडा. बाजारचा बर्फ पाण्यात जाता कामा नये. बाटली माशांपासून दूर, फिल्टरच्या धारेजवळ. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही, तेवढं झालं की बाटली बाहेर. 34 चं पाणी 31 वर यायला संध्याकाळ झाली तरी चालेल, हवेचे बुडबुडे जोरात असले तर मासे तग धरतात. गौरामी आणि फायटर मासा यांना वरची हवा थेट घेता येते, त्यामुळे ते वर आले म्हणजे संकटच असं नाही. गुप्पी आणि एंजल आले तर समजा.

पाऊस सुरू झाला की गणित उलटतं. हवा दमट, पाणी उडेनासं होतं, तेच पंखे फिरत असतात आणि पाणी 30-31 वर अडून राहतं. बिघाड समजून पंखे बदलायला जाऊ नका. त्या दिवसांत एक पंखा काढून ठेवतो, दुसरा एअर स्टोन चालू ठेवतो, खाणं निम्मंच ठेवतो. काढलेल्या पंख्याच्या पात्यांवर तोवर क्षाराची पांढरी भुकटी बसलेली असते, ती लिंबाच्या फोडीनं पुसून, वाळवून, पुढच्या मार्चसाठी कपाटात.