बाउंडरी लेअर: विंड टनेल आणि सीएफडीमध्ये (संगणकावरच्या प्रवाहगणितात) या चुका टाळा

१९१२ साली गुस्ताव्ह आयफेल यांनी (टॉवरवाले तेच) पॅरिसमधल्या आपल्या विंड टनेलमध्ये (हवेचा झोत सोडून वस्तू तपासायच्या बोगद्यात) गोलावरचा ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, मोजला. त्यांचा आकडा जर्मनीत ग्योटिंगेनला मिळालेल्या आकड्याच्या जवळपास निम्मा आला. जर्मन मंडळींना वाटले, सूत्रातला दोनाचा गुणक पॅरिसवाले विसरले असावेत. आयफेल यांनी वेग बदलत बदलत पुन्हा मोजमाप केले. कमी वेगाला जर्मनांचाच आकडा येत होता, पण एका ठरावीक वेगाच्या पुढे ड्रॅगचा गुणांक धाडकन खाली येत होता. म्हणजे दोन्ही प्रयोगशाळा बरोबर होत्या.

असे का होते, याचा उलगडा १९१४ मध्ये लुडविग प्रांटल यांनी केला. बाउंडरी लेअरची, म्हणजे पृष्ठभागालगत हवा मंदावते त्या पातळ थराची, कल्पना १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत त्यांनीच मांडली होती. त्यांनी गोलाच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे एक बारीक तार गुंडाळली. तारेमुळे लॅमिनार (शांत, सरळ वाहणारा) थर टर्ब्युलंट (खळबळता) झाला, पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहिला, मागची वावटळ अरुंद झाली आणि ड्रॅग घटला. समोरच्या टोकापासून मोजले तर लॅमिनार थर गोलावरून साधारण ८० अंशांवर सुटतो, टर्ब्युलंट थर १२० अंशांपर्यंत तग धरतो. गुळगुळीत गोलाचा गुणांक यामुळे ०.५ च्या आसपासवरून ०.१ ते ०.२ वर उतरतो.

मला हा किस्सा फार मोलाचा वाटतो, कारण आजही प्रयोगशाळेत हेच घडते. आकडा जुळला नाही की आधी सूत्र तपासले जाते, मग मॅनोमीटर (दाबमापक), मग बॅलन्सचे (बलमापकाचे) कॅलिब्रेशन. थर कुठे लॅमिनार आहे, कुठे टर्ब्युलंट होतो आणि कुठे सुटतो, हे सगळ्यात शेवटी विचारले जाते. बहुतेक वेळा विचारलेच जात नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच निघतात.

५ लाख हा आकडा दगडावरची रेघ समजणे

सपाट प्लेटवर रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले लांबी, भागिले हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे घनतेच्या मानाने चिकटपणा) ५ लाख झाला की प्रवाह टर्ब्युलंट होतो, हे तोंडी परीक्षेतले ठरलेले उत्तर. गणित सोडवायला ते पुरते, पण प्रयोगाला पुरत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड यांनी अतिशय शांत टनेल वापरला. येणाऱ्या हवेतली खळबळ ०.०३ टक्क्यांच्या आसपास आणल्यावर लॅमिनार थर साधारण २८ लाखांपर्यंत टिकला. उलट, कॉलेजच्या टनेलमध्ये जाळ्या धुळीने भरलेल्या असतील, हनीकोंब (हवा सरळ करणारी, मधाच्या पोळ्यासारखी चौकट) वाकलेला असेल किंवा प्लेटची पुढची कड बोथट असेल, तर ५ लाखांच्या बऱ्याच आधी थर बिघडतो.

हा बदल एका रेषेवर होत नाही, हेही लक्षात घ्या. आधी टर्ब्युलन्सचे सुटे ठिपके उमटतात, ते वाहत जाताना पसरतात आणि एकमेकांत मिसळतात. एमन्स यांनी १९५१ मध्ये हे ठिपके दाखवून दिले. पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी या मधल्या पट्ट्याचे गणित बसवले. त्यांचा १९५८ चा शोधनिबंध आजही वापरात आहे. या पट्ट्यात प्रोब (वेग मोजायचे साधन) ठेवला तर तो थोडा वेळ लॅमिनार आणि थोडा वेळ टर्ब्युलंट वेग पाहतो. त्याची सरासरी काढली तर ती कोणत्याच सूत्राला जुळणार नाही. अशा वेळी प्रोब खराब आहे असे ठरवू नका, तो पुढेमागे सरकवून पाहा.

फरक किती पडतो? ५ लाखांवर संपणारी प्लेट पूर्ण लॅमिनार धरली तर घर्षणाचा गुणांक ०.००१९ येतो, पूर्ण टर्ब्युलंट धरली तर ०.००५४. जवळपास तिप्पट. एवढी तफावत कोणत्याही कॅलिब्रेशनने भरून निघत नाही.

तुमच्या टनेलची खळबळ किती, हे ताडायला जुना आणि स्वस्त उपाय आहे. गुळगुळीत गोल लावा आणि गुणांक ०.३ वर येईपर्यंत वेग वाढवा. मोकळ्या, शांत हवेत हे ३ लाख ८५ हजार रेनॉल्ड्स नंबरला होते. तुमच्याकडे ते जितके लवकर होईल, तितका टनेल खळबळीचा. लहान टनेलमध्ये वेग कमी पडतो, म्हणून मोठा गोल घेण्याचा मोह होतो. पण गोलाने टनेलचा बराच भाग अडवला तर नवीच चूक आत शिरते.

गुळगुळीत म्हणजे कमी ड्रॅग, असे धरून चालणे

लांब, निमुळत्या वस्तूवर ड्रॅग मुख्यतः घर्षणाचा असतो, तिथे गुळगुळीतपणाचा फायदा होतो. गोल, दंडगोल, चेंडू अशा बोथट वस्तूंवर तो दाबाच्या फरकातून येतो आणि थर कुठे सुटतो यावर ठरतो. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात ते यासाठीच.

लोक इथे टर्ब्युलन्स आणि सेपरेशन (थर पृष्ठभागापासून सुटणे) एकच समजतात, ही मोठी गफलत आहे. थर टर्ब्युलंट असूनही छान चिकटलेला असू शकतो, आणि लॅमिनार असूनही सुटू शकतो. एक आकडा मनात ठेवा. थराच्या जाडीच्या एक दशांश उंचीवर लॅमिनार थरात बाहेरच्या वेगाच्या सुमारे १७ टक्के वेग असतो, टर्ब्युलंट थरात सुमारे ७२ टक्के. पुढे दाब वाढू लागला की पृष्ठभागालगतची ही वेगवान हवा त्या दाबाला तोंड देते. लॅमिनार थराकडे ते बळच नसते.

क्रिकेटच्या चेंडूत या दोन्ही अवस्था एकाच वेळी दिसतात. तिरक्या शिवणीच्या बाजूचा थर टर्ब्युलंट होऊन उशिरा सुटतो, दुसऱ्या बाजूचा लॅमिनार राहून लवकर सुटतो, आणि चेंडू शिवणीच्या दिशेला वळतो. वेग फार वाढला की दोन्ही बाजू शिवणीआधीच टर्ब्युलंट होतात. मग शिवण तिच्या बाजूचा थर फक्त जाड करते, तो लवकर सुटतो आणि चेंडू उलट वळतो. दमट हवा ‘जड’ असते म्हणून चेंडू जास्त स्विंग होतो, हे समालोचनात वारंवार ऐकू येते. पाण्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याच दाबाची आणि तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकीच भरते.

ट्रिपची उंची अंदाजाने ठरवणे

मॉडेल लहान, वेग कमी. म्हणून थर मुद्दाम टर्ब्युलंट करायला पुढच्या भागात पॉलिश पेपरची पट्टी किंवा तार लावतात. यालाच ट्रिप म्हणतात. ‘घे जाडसर, लाव’ असे करून चालत नाही. पट्टी फार बारीक असेल तर थर ढिम्म हलत नाही. फार जाड असेल तर ती स्वतःचा ड्रॅग मिळवते आणि थर फुगवून ठेवते.

ढोबळ नियम असा: पॉलिश पेपरच्या कणाची उंची आणि त्या उंचीवरचा वेग घेऊन काढलेला रेनॉल्ड्स नंबर ६०० च्या आसपास हवा. चूक होते ती ‘त्या उंचीवरचा’ या शब्दांत. समजा वेग २० मीटर प्रति सेकंद आहे आणि पट्टी प्लेटच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर आहे. बाहेरचा पूर्ण वेग धरला तर उंची ०.४५ मिलिमीटर येते. पण तिथे थरच जेमतेम १.४ मिलिमीटर जाड आहे आणि ०.४५ वर वेग निम्म्याच्या जरा वर. तो हिशोबात घेतला की खरी गरज ०.६५ मिलिमीटरच्या आसपास निघते. ०.४५ ची पट्टी लावून ‘ट्रिप चालत नाही’ म्हणणारे इथेच अडकलेले असतात.

मोठ्या विमानाचा डेटा छोट्या पंखाला लावणे

नाकाच्या (NACA, नासाच्या आधीची अमेरिकी संस्था) लँग्ली प्रयोगशाळेतले एअरफॉइलचे (पंखाच्या छेदाचे) प्रसिद्ध आलेख ३०, ६० आणि ९० लाख रेनॉल्ड्स नंबरचे आहेत. तुमच्या ड्रोनचा पंख १५ सेंटिमीटर रुंद आणि वेग १० मीटर प्रति सेकंद असेल तर तुमचा आकडा १ लाख. इथे लॅमिनार थर सुटतो, हवेतच टर्ब्युलंट होतो आणि पुन्हा पंखाला टेकतो. मध्ये बुडबुडा तयार होतो. ड्रॅग वाढतो, आणि बुडबुडा फुटला तर लिफ्ट (वर उचलणारे बल) एकदम पडते.

हा बुडबुडा डोळ्यांनी पाहता येतो, आणि प्रत्येकाने एकदा तरी पाहावाच. पंखाला काळा रंग द्या. रॉकेलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड कालवून पातळ हात फिरवा आणि टनेल सुरू करा. पुढच्या भागात बारीक, सरळ रेघोट्या ओढल्या जातात. बुडबुडा सुरू होतो तिथे द्रव साचून आडवी पांढरी रेघ उमटते, कारण तिथून पुढे घर्षण त्याला वाहून नेत नाही. थर पुन्हा टेकतो तिथे घर्षण वाढते आणि पृष्ठभाग पुसल्यासारखा स्वच्छ होतो. उपाय म्हणून त्या आडव्या रेघेच्या थोडे आधी नागमोडी टेप लावा आणि पुन्हा पाहा.

सीएफडी: रंगीत चित्र आले म्हणजे उत्तर आले असे मानणे

इथली पहिली चूक मेशची, म्हणजे हवेची जागा ज्या छोट्या घरांत (सेलमध्ये) विभागतात त्या जाळीची. १ मीटर लांब वस्तू आणि २० मीटर प्रति सेकंद वेग घ्या. रेनॉल्ड्स नंबर सुमारे १३ लाख, शेवटाला टर्ब्युलंट थर साधारण २२ मिलिमीटर. थर एवढा जाड पाहून लोक पहिला सेल १ मिलिमीटरचा करतात. वाय प्लस (भिंतीपासूनचे एककरहित अंतर) १ हवा असेल तर भिंतीपासूनचे अंतर येते ०.०१८ मिलिमीटर. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा वेग सूत्राने भरणे) वापरायचे असेल तर वाय प्लस ३० च्या वर, म्हणजे ०.५४ मिलिमीटरच्या पुढे. ५ ते ३० हा मधला पट्टा टाळा, तिथे दोन्हींपैकी कोणतेच गृहीतक नीट लागू होत नाही. आणि हे अंतर सेलच्या मध्यापर्यंतचे. फ्लुएंट, ओपनफोम यांसारखे सॉल्व्हर मध्यबिंदूवर गणित करतात, म्हणून सेलची उंची दुप्पट ठेवा. रन संपल्यावर वाय प्लसचा नकाशा उघडून बघाच, कारण वरचा हिशोब सपाट प्लेटचा अंदाज आहे.

दुसरी चूक जास्त लबाड आहे, कारण सगळे रेसिड्युअल (गणितात उरलेली तफावत) सुंदर खाली आलेले असतात. के-एप्सिलॉन किंवा के-ओमेगा एसएसटी ही टर्ब्युलन्सची मॉडेल्स थर व्यवहारात पुढच्या कडेपासूनच टर्ब्युलंट धरतात. टनेलमध्ये मात्र निम्मा पृष्ठभाग लॅमिनार असतो. ड्रॅग जास्त आला म्हणून मेश आणखी बारीक करत राहिलात तर महिनाभर त्यातच जाईल. प्रयोगात ट्रिप लावून दोन्हीकडे टर्ब्युलंट थर ठेवा, नाहीतर ट्रान्झिशन मॉडेल (थर लॅमिनारचा टर्ब्युलंट कुठे होतो तेही काढणारे) वापरा. ट्रान्झिशन मॉडेल घेतले तर इनलेटला (हवा आत येते तिथे) आपोआप भरलेली ५ टक्के खळबळ तशीच सोडू नका. तुमच्या टनेलची मोजलेली खळबळ भरा, आणि मॉडेलपर्यंत पोहोचेपर्यंत ती किती विरते तेही तपासा.

भिंतीजवळची मोजमापे जशीच्या तशी घेणे

४ मिलिमीटरच्या थरात २ मिलिमीटर जाडीची पिटॉट नळी (दाबावरून वेग मोजणारी) घातली तर ती थराचा निम्मा भाग एकदमच चाखते. चपट्या तोंडाची बारीक नळी वापरा. हॉट-वायर (वेग मोजायची तापलेली बारीक तार) भिंतीच्या अगदी जवळ नेली की तिची उष्णता धातूच्या पृष्ठभागात जाते आणि वेग वाढल्यासारखा दिसतो. ते बिंदू सोडून द्या.

मग वेगाच्या आलेखावरून शेप फॅक्टर (थराची विस्थापन जाडी भागिले संवेग जाडी) काढा. २.६ च्या जवळ आला तर थर लॅमिनार, १.४ च्या जवळ आला तर टर्ब्युलंट, मधे असेल तर बदलता. लॅमिनार थरात तो ३.५ च्या पुढे गेला तर थर सुटण्याच्या बेतात आहे. टर्ब्युलंट असायला हवा तिथे १.७ आला, तर लगेच ट्रिपला दोष देऊ नका. पहिला बिंदू भिंतीपासून १ मिलिमीटरवर असेल आणि तिथून शून्यापर्यंत सरळ रेघ ओढली असेल, तर आकडा तेवढ्यानेच फुगतो. आधी भिंतीलगत आणखी ३-४ बिंदू घ्या.